तालमीवाचून

पेडणे आणि डिचोली महालांत जत्रेच्या रात्री ज्यांनी दशावतार पाहिला आहे, त्यांना एक नवल ठाऊक असेलच. या खेळाला तालीम नसते. आख्यान कोणते, ते तोंड रंगवायला बसताना ठरते. संवाद उभ्या उभ्या सुचतात. आणि कोणी अडलाच तर पेटीवाला सूर धरून त्याची अब्रू राखतो.

अवकाशयानाच्या नशिबी असा पेटीवाला नाही. म्हणून बंगळूरच्या उपग्रह केंद्रात त्याची आधीच कसून परीक्षा होते. प्रचंड पोलादी कोठीत यान ठेवायचे, आतली हवा उपसून काढायची, भोवती उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन खेळवायचा आणि प्रखर दिव्यांचा सूर्य उभा करायचा. हवा नाही म्हणजे उष्णता वाहून नेणारे कोणी नाही. उन्हातली बाजू भाजते, सावलीतली गोठते. साधे वंगण उडून जाते. सांध्यांना लावलेल्या चिकटद्रव्याची वाफ कॅमेऱ्याच्या भिंगावर जाऊन बसते.

सगळेच काही कोठीत होत नाही. १९८१ मध्ये ‘ॲपल’ उपग्रहाच्या अँटेनाची परीक्षा घ्यायची, तर मोटारीच्या लोखंडाचा अडथळा होई. तेव्हा उपग्रह चक्क बैलगाडीवर चढवला! चांद्रयानासाठी तामिळनाडूतल्या नामक्कलजवळचा खडक दळून चंद्राची माती केली.

एवढे करूनही ७ सप्टेंबर २०१९ ला ‘विक्रम’ कोसळला. इंजिनांनी अपेक्षेहून अधिक जोर लावला, चूक साठत गेली, आणि ती सावरण्याइतक्या वेगाने यान वळेना. दुसऱ्या खेपेस शास्त्रज्ञांनी प्रश्नच उलटा केला: काय काय बिघडू शकेल? उतरण्याची जागा अर्ध्या किलोमीटरच्या चौकोनावरून ४ गुणिले २.४ किलोमीटर केली. यान कधी हेलिकॉप्टरला, कधी क्रेनला टांगून पाहिले. पायही आपटून पाहिले. चंद्राचे हलके गुरुत्व मात्र अवघ्या यानाला इथे कोण देणार?

२३ ऑगस्ट २०२३ ला नवा ‘विक्रम’ अलगद उतरला. पुढे ३ सप्टेंबरला, ठरलेली कामे आटोपल्यावर, त्याला इंजिने पुन्हा पेटवण्याची आज्ञा गेली. तो सुमारे ४० सेंटिमीटर उचलला आणि जवळच पुन्हा उभा राहिला. हा प्रवेश मूळ आख्यानात नव्हता.