काल रात्री बर्फ गोठला का?

डिसेंबर उजाडला की निगडी-आकुर्डीपासून चाकणच्या कंपन्यांपर्यंत सुट्ट्यांची जुळवाजुळव सुरू होते. लोणावळ्याची लोकल पकडून राजमाची, विसापूर पालथे घालणारी मंडळी आता जानेवारी-फेब्रुवारीत थेट हिमालय गाठतात. या पट्ट्याला हिमालय परका नाही. २०१२ मध्ये भोसरीच्या सागरमाथा गिर्यारोहण संस्थेची मोहीम एव्हरेस्टवर गेली होती. आता ट्रेकच्या जोडीला स्कीइंगची ओढही लागली आहे. गुलमर्ग किंवा औलीला फोन लावला जातो आणि पहिला प्रश्न विचारला जातो : "बर्फ आहे का?"

पलीकडचा माणूस "आहे" म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. पण तेवढ्या उत्तरावर स्कीइंगचा बेत आखणं धोक्याचं आहे, आणि क्रॉस-कंट्री स्कीइंगचा बेत तर फारच.

सिनेमात दिसतं ते उतारावरचं स्कीइंग. दोरवाटेने वर जायचं आणि जड, धातूच्या कडा असलेल्या पट्ट्यांवरून खाली सुसाट यायचं. क्रॉस-कंट्रीचा प्रकार निराळा. पट्ट्या अरुंद आणि हलक्या, बूट फक्त पुढच्या टोकाला अडकवलेला, टाच मोकळी. सपाटीवरून, चढावरून, देवदारांच्या मधून स्वतःच्या ताकदीवर मैलोनमैल जायचं. एका पायाने बर्फाला रेटा द्यायचा आणि दुसऱ्यावर घसरायचं. म्हणजे त्याच पट्टीने क्षणभर बर्फाला धरलं पाहिजे आणि पुढच्या क्षणी त्यावरून सुटलंही पाहिजे. बर्फ जरा बिघडला की या दोहोंपैकी एक गोष्ट हातची जाते. म्हणून बर्फाची पारख या खेळात जितकी लागते तितकी क्वचितच कुठे लागत असेल.

भारतात हा खेळ बराचसा लष्कराच्या आधाराने वाढला. गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलची सुरुवात १९४८ मध्ये स्की शिकवणारी शाळा म्हणूनच झाली. २०१४ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये नदीम इक्बाल आणि २०१८ मध्ये जगदीश सिंग क्रॉस-कंट्रीत भारतातर्फे उतरले. बर्फाशी जन्माचं नातं असावंच लागतं असंही नाही. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत या प्रकारातली सुवर्णपदकं जिंकणारी भवानी टी. एन. ही कर्नाटकातल्या कोडगूची, कॉफीच्या मळ्यांच्या मुलखातली आहे. महाराष्ट्रातल्या मुलामुलींनी ही गोष्ट मनावर घ्यावी.

अडचण आहे ती हवामानाची. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, तर औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,००० मीटरच्या दरम्यान. भर हिवाळ्यातही इथे दुपारचा पारा अनेकदा शून्याच्या वर जातो. पश्चिमेकडून येणारे पावसाळी झोत, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, वेळेवर आले नाहीत तर बर्फच पडत नाही. जानेवारी २०२४ चा बराचसा काळ गुलमर्गचं मैदान तपकिरी, कोरडं होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत ठरलेला खेलो इंडियाचा गुलमर्गमधला टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला आणि मार्चमध्ये पार पडला. औलीत २०२३ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय शर्यतीही याच कारणाने रद्द झाल्या. कृत्रिम बर्फाची यंत्रं आणली तरी त्यांनाही थंडी लागतेच. हवा कोरडी असेल तर ती शून्याच्या आसपास चालतात. दमट असेल तर पारा उणे दोन-तीनपर्यंत उतरावा लागतो.

अशा ऊबदार डोंगरात बर्फ किती फूट आहे यापेक्षा काल रात्री तो गोठला का, हे कळणं जास्त मोलाचं. दिवसा ऊन लागून बर्फाचे कण ओले होतात. रात्री तेच पाणी गोठतं आणि कण एकमेकांना घट्ट धरतात. सकाळी वर एक टणक थर तयार असतो आणि माणसाचं वजन तो सहज पेलतो. रात्र गोठली नाही तर सकाळीच पाय घोट्यापर्यंत रुततो, पट्टीखाली राबडी होते आणि दुपारपर्यंत हाल संपत नाहीत.

रात्र कशी जाणार ते आकाश सांगतं. चाकणच्या बाजारात कांदा आणणाऱ्या खेड तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा : आभाळ आलं की थंडी पळते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता वर फेकत राहते, ढग आले की त्यातली बरीचशी परत खाली येते. बर्फाचंही हेच. उलट बर्फ उष्णता बाहेर टाकण्यात इतका तरबेज की आकाश स्वच्छ आणि हवा कोरडी असेल तर हवेचा पारा शून्याच्या दोन-तीन अंश वर असतानाही बर्फाचा पृष्ठभाग गोठू शकतो. आणि ढगाळ, दमट रात्री हवा एखाद्या अंशाने शून्याखाली असली तरी गोठण वरवरची राहते. म्हणून मोबाइलवरचा नुसता किमान तापमानाचा आकडा पुरत नाही; ढग आणि आर्द्रताही पाहावी लागते. तो आकडा कुठला आहे, हेही तपासावं. श्रीनगर गुलमर्गपेक्षा हजारेक मीटर खाली आहे, औलीच्या खालचं जोशीमठ साधारण १,९०० मीटरवर. दर हजार मीटरला पारा सरासरी साडेसहा अंशांनी उतरतो, पण निरभ्र रात्री थंड हवा दरीत साचून हा हिशेब उलटाही होऊ शकतो.

उन्हापेक्षा बर्फाचा मोठा वैरी म्हणजे दमट, ऊबदार वारा. हवेतली वाफ बर्फावर पाणी होऊन बसते तेव्हा ती आपली उष्णता तिथेच सोडते. एक ग्रॅम वाफेच्या उष्णतेने साडेसात ग्रॅम बर्फ वितळू शकतो. धुकं, वारा आणि भुरभुर पाऊस असं त्रिकूट एका रात्रीत जेवढा बर्फ खातं, तेवढा स्वच्छ उन्हाचे दोन-तीन दिवसही खात नाहीत. हॉटेलवाल्याने "काल रात्री जरा पाऊस झाला" असं सांगितलं, तर बेत एक-दोन दिवस पुढे ढकलणंच शहाणपणाचं.

प्रत्यक्ष बर्फावर पोहोचल्यावर सगळ्यात भरवशाचं साधन आपला हात. मूठभर बर्फ घेऊन दाबायचा. गोळा होतच नाही, भुकटी बोटांतून सांडते, तर बर्फ कोरडा. गोळा झटकन होतो पण हात ओला होत नाही, तर दमट. चालायला बहुधा उत्तम. दाबल्यावर पाणी गळलं तर घरी परतायची तयारी. हिम-अभ्यासकांचीही हीच पद्धत आहे. टणकपणा मोजायलाही ते आधी मूठ रोवून पाहतात, मग चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, शेवटी चाकू. मूठ सहज आत गेली तर बर्फ भुसभुशीत, आणि चाकूशिवाय काही जात नसेल तर तो जवळजवळ काच. काचेवर क्रॉस-कंट्रीच्या बिनकडांच्या पट्ट्या वळतही नाहीत आणि थांबतही नाहीत. तेव्हा सूर्य वर येऊन थर जरा सैलावेपर्यंत थांबायचं.

यानंतर येतं पट्टीचं तळपृष्ठ, आणि इथे भोसरी एमआयडीसीतल्या ग्राइंडिंगवाल्याचे कान टवकारतील. स्की घसरते ती तिच्या आणि बर्फाच्या मधल्या पाण्याच्या अतिशय पातळ थरावर. थर पुरेसा नसेल तर बर्फाचे कण वाळूसारखे घासतात. फार झाला तर पाणी तळाला चिकटून पट्टी ओढून धरतं. म्हणून पॉलिथिलीनचा तळ आरशासारखा गुळगुळीत करत नाहीत. दगडी चाकावर घासून त्यावर मुद्दाम बारीक रेघा पाडतात. थंड, कोरड्या बर्फाला बारीक रेघा, ओल्या बर्फाला जाड आणि खोल, म्हणजे पाण्याला वाट मिळते. सरफेस फिनिशचा अर्थ ज्यांना रोजच्या कामातून कळतो, त्यांना ही बाब सांगून पटवावी लागणार नाही.

पकडीसाठी पट्टीच्या मधल्या भागाला मेण लावतात. त्याचे रंग तापमानावरून ठरलेले : साधारणपणे कडक थंडीला हिरवं, त्याहून सौम्य थंडीला निळं, शून्याच्या आसपास जांभळं, त्यावर लाल. वितळून पुन्हा गोठलेल्या दाणेदार बर्फाला मात्र ट्यूबमधलं चिकट, डिंकासारखं क्लिस्टर लागतं. सगळ्यात अवघड वेळ म्हणजे बरोबर शून्य अंश आणि वरून ताजा बर्फ पडतोय. मेण मऊ पडलं की पट्टीखाली बर्फाचे गठ्ठे चिकटतात, कडक असलं तर पाय मागे घसरतो. जगभरातले निष्णात खेळाडूही अशा दिवशी हैराण होतात. नवशिक्याने सरळ खवले पाडलेल्या, बिनमेणाच्या पट्ट्या भाड्याने घ्याव्यात.

वाटही निवडून घ्यावी लागते. उत्तरेकडच्या उतारावर बर्फ दिवसचे दिवस टिकतो, दक्षिणेकडचा दहा-अकरा वाजताच मऊ होतो. उघड्या मैदानात गोठण चांगली होते. दाट झाडीत रात्रीही फांद्यांची ऊब खाली येते आणि खोडाभोवती खड्डे पडतात. सकाळी पेललेला थर दुपारी अचानक फुटतो, पाय अडकतो, शरीर पुढे जातं आणि गुडघा पिरगळतो.

क्रॉस-कंट्रीवाले सपाटीवर असतात म्हणून हिमस्खलनाची भीती नाही, हा समज काढून टाकायला हवा. बर्फ बहुतेक वेळा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवरून सुटतो आणि खालच्या सपाटीवर येऊन थांबतो. गुलमर्गमध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू हिमस्खलनात दगावला. डीआरडीओची चंडीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते न पाहता बाहेर पडू नये, आणि मोठ्या हिमवर्षावानंतर दुपारी ऊन तापलं की तीव्र उतारांच्या पायथ्याशी फिरकू नये.

यंदा कुणी पिंपरी-चिंचवडहून निघणार असेल तर त्याने तिकिटं फेब्रुवारीच्या मध्यापुढची काढावीत आणि मधले दोन दिवस मोकळे ठेवावेत. फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात : रात्री आकाश कसं होतं, पाऊस झाला का, सकाळी चालताना पाय रुततो का. उत्तरं मनासारखी नसली तर पट्ट्या भाड्याने घेऊ नयेत. त्या दिवशी बूट घालून देवदारांत फिरून यावं आणि रात्री आकाश मोकळं झालं का, ते पाहून पहाटेचा गजर लावावा.