बांध साफ करण्यासाठी बॅटरीचा चेनसॉ : घेताना काय पाहावे?

सभासद बंधु-भगिनींनो,

पावसाळा सरला की बांधावर वेडी बाभूळ, सुबाभूळ, घाणेरी माजलेली असते. तिच्या सावलीने बांधालगतचा ऊस खुरटतो, झुडपात उंदीर-घुशी आसरा धरतात आणि ऐन तोडणीत उसाचा ट्रॅक्टर वाटेवर अडतो. बांध तोडायला मजूर वेळेवर मिळत नाही, म्हणून पुष्कळ सभासद बॅटरीवर चालणारा हलका चेनसॉ घेऊ लागले आहेत. "साहेब, कोणता घेऊ?" असे गट कार्यालयात विचारणारेही बरेच. म्हणून हा खुलासा.

आधी आमचीच गोष्ट सांगतो. 2022 साली आम्ही घरच्या शेतासाठी, स्वस्त म्हणून, चार इंची पट्टीचे एका हाताने चालवायचे मशीन आणले. शेवग्याच्या फांद्या झकास उतरल्या. पण मनगटाएवढ्या बाभळीत साखळी अडकली, जोर लावताच मशीन उसळले आणि फांदी धरलेल्या डाव्या हाताला लागले. चार टाके पडले. ऐन लागणीत पंधरा दिवस हात गळ्यात! दोष मशीनचा नव्हता, निवड आमची चुकली.

तेव्हा घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

1. पट्टीची लांबी : जेवढे जाड खोड कापायचे, त्याहून पट्टी निदान दोन इंच लांब हवी. बांधावरच्या पाच-सहा इंची बाभळीला आठ ते दहा इंची पट्टी पुरते. मोठी झाडे पेट्रोलच्या मशीनवाल्याकडूनच काढून घ्यावीत.

2. वजन : कागदावर पुष्कळदा बॅटरी सोडून वजन लिहिलेले असते. दुकानात बॅटरी लावून, दोन्ही हातांनी धरून पाहावे. पाच मिनिटांत मनगट भरून आले, तर शेतात दिवसभर काय होईल?

3. बॅटरी : 18, 20 आणि 21 व्होल्ट ही बहुधा एकाच बॅटरीची नावे. आत 3.6 व्होल्टचे पाच सेल, म्हणजे 18. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल 4.2 होतो, म्हणून 21. खरा हिशेब व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. 18 व्होल्ट, 2 अँपिअर-अवर म्हणजे 36 वॉट-अवर. 36 व्होल्ट, 4 अँपिअर-अवर म्हणजे 144. चौपट फरक! विजेचे वेळापत्रक पाहता दोन बॅटऱ्या घ्याव्यात. फवारणी पंपाची बॅटरी याला चालत नाही.

4. तेल व ब्रेक : साखळीला तेल आपोआप सुटणारे आणि साखळी ताबडतोब थांबवणारा ब्रेक असलेले मशीनच घ्यावे. सुटी साखळी आणि दुरुस्ती तालुक्याच्या गावी मिळते का, हेही विचारावे.

घाणेरीच्या बारीक काटक्यांना चेनसॉ लावू नये. तिथे आपला कोयताच बरा. साखळी मातीला लागली की धार गेलीच समजा. भुशाऐवजी पिठासारखी पूड पडू लागली, तर धार लावावी. बोथट साखळी बॅटरीही लवकर खाते. वेडी बाभूळ वरून कापली तर पुन्हा फुटते. तिचा बुंधा कुदळीने जमिनीखालून काढावा लागतो.

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकू देऊ नये. तिथेच मशीन उसळून अंगावर येते. दोन्ही हात मशीनवर ठेवावेत आणि खांद्याच्या वर कापू नये. डोळ्यांवर चष्मा, पायात बूट हवेत. साखळी ताणण्यापूर्वी बॅटरी काढावी. बॅटरी उन्हात ठेवू नये, गरम असताना चार्जिंगला लावू नये आणि हंगाम संपल्यावर अर्धी भरलेली ठेवावी.

आणखी एक. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग ही झाडे स्वतःच्या बांधावरची असली, तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीवाचून तोडता येत नाहीत. मशीन हाती आले म्हणून सरसकट चालवू नये.

बांधाचे काम वर्षातून काही दिवसांचे. शेजारच्या तीन-चार सभासदांनी मिळून एकच चांगले मशीन घेतले, तर खर्चही वाटला जाईल. मात्र ते चालवायला एकच जाणता माणूस ठरवावा. पैसे पुन्हा मिळवता येतात, बोटे नाहीत.

आपला,
ऊस विकास अधिकारी