आठ सेकंद ते चव्वेचाळीस तास

१९०७ साली स्कॉटलंडच्या ब्लेअर अ‍ॅथॉलमध्ये, डोंगराळ मुलखात, ब्रिटिश लष्कराने गुपचूप एक ग्लायडर उडवून पाहिलं. लेफ्टनंट जॉन विल्यम डन यांनी आखलेल्या या यंत्राला शेपूटच नव्हतं. आठ सेकंद ते तरंगलं आणि भिंतीवर जाऊन आदळलं.

२००१ मध्ये अमेरिकेचं बी-२ बॉम्बफेकी विमान, तेही बिनशेपटीचंच, मिसुरीहून अफगाणिस्तानच्या मोहिमेवर निघालं. वाटेत आकाशातच इंधन भरत ते ४४ तासांहून अधिक काळ उडत राहिलं. आठ सेकंदांच्या सुमारे वीस हजार पट!

पैशांचा फरक तर डोळे पांढरे करणारा. १९०९ पर्यंत ब्रिटिश सरकारने विमानांवर सगळे मिळून २,५०० पौंड खर्च केले होते. तेवढेही जड वाटले आणि लष्कराने हे प्रयोग बंद केले. डन यांनी मित्रांच्या भांडवलावर काम पुढे नेलं. बी-२ मात्र संशोधनाचा खर्च धरून एकेक सुमारे दोन अब्ज डॉलरला पडलं.

डन यांचं १९१० मधलं डी-५ विमान ४६ फूट रुंद आणि जेमतेम २० फूट लांब होतं. बी-२ १७२ फूट रुंद, ६९ फूट लांब. नऊ दशकांनंतरही रुंदी लांबीच्या दुपटीहून जास्तच, कारण शेपूट नसलं की लांबीची गरजच उरत नाही. डन यांनी पंख मागे झुकवले आणि टोकांना हलकासा पीळ दिला. शेपटीचं काम ती टोकंच करू लागली.

२० डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडमधल्या ईस्टचर्चला ऑरव्हिल राइट प्रेक्षकांत होते. राइट बंधूंच्या यंत्रावर वैमानिकाला सतत तोल सावरत बसावं लागे. त्यांच्यासमोर डन यांनी उडत्या विमानात दोन्ही हात दांड्यांवरून काढले आणि कागदावर टिपणं लिहिली. विमान आपलं आपण सरळ जात राहिलं.

लाकूड, कापड, तारा आणि ६० अश्वशक्तीचं इंजिन, एवढ्यावर हे साधलं होतं. बी-२ चा तोल आजही संगणक क्षणोक्षणी सांभाळतात. म्हणूनच बिनशेपटीच्या विमानांची गोष्ट सांगताना पहिला मान मी त्या ४४ तासांना देणार नाही, डन यांच्या डी-५ ला देईन.