खाडींतील संथ नौकाविहार

डोंगरांत उगम पावलेली नदी एकाच दिशेनें वाहते, असें आपण भूगोलांत शिकतों. परंतु कोंकणांतील नदी समुद्राजवळ आली म्हणजे दिवसांतून दोन वेळां उगमाकडे वाहूं लागते. नदीच्या या भागास आपण खाडी म्हणतों. तेथें लहान होडींतून निवांत दिवस घालवावयाचा असेल, तर बाहुबळापेक्षां भरती-ओहोटीचें ज्ञान अधिक कामास येतें. तें कसें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम होडीविषयीं. 'कयाक' ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ते ती बनवीत. आतां ती बहुधा प्लास्टिकची असते. मात्र दोन्हीं टोकांस पातें असलेलें वल्हें अद्याप तेंच आहे. ती इतकी हलकी असते, कीं प्रवाह नेईल तिकडे जाते.

आतां प्रवाहाविषयीं. चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणामुळें समुद्रास भरती येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारें १२ तास २५ मिनिटें जातात. म्हणून भरती रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची मंद भरती असते. किनाऱ्यावर एक सोपा हिशेब प्रचलित आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. हा हिशेब स्थूल असल्यामुळें भारतीय सर्वेक्षण विभागाचें छापील कोष्टकही पाहावें.

पाणी सहा तास सारख्या वेगानें चढत नाहीं. एकंदर चढाचे बारा भाग कल्पिले, तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ असे भाग चढतात. अर्थात् मधल्या दोन तासांत ओढ सर्वांत अधिक असते.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही चार स्नेही मालवण तालुक्यांतील देवबागेस कर्ली नदीवर गेलों. येथें एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस खाडी असून मधें जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. त्या दिवशीं द्वितीया होती; म्हणजे भरती दीडच्या सुमारास. नऊ वाजतां होड्या सोडल्या, तेव्हां चढाचा जोर नुकताच वाढत होता. वल्हें केवळ दिशा राखण्यापुरतें लागलें. कांठच्या कांदळवनांत तिवरांचीं श्वासमुळें एकामागून एक पाण्याखालीं जात होतीं. एका फांदीवर खंड्या दबा धरून बसला होता. बोलण्यास व पाहण्यास भरपूर सवड मिळाली. दुपारीं पाणी स्थिरावलें. त्यावरील पान जागचें हलेना. माडांच्या सावलींत भाकरी व सोलकढी घेतली. थोड्या वेळानें कांदळाच्या खोडांवर ओली रेघ दिसूं लागली. ओहोटी लागल्याची ती खूण! अधिक रेंगाळलों असतों, तर होड्या चिखलांत रुतल्या असत्या. आम्ही लगेच निघालों व पाण्यानेंच आम्हांस परत आणिलें.

देवबागेजवळ येतांच एका स्नेह्यास नदीचें मुख पाहण्याची इच्छा झाली. आम्ही सर्वांनीं त्यास निक्षून थांबविलें. ओहोटीची ओढ तेथें समुद्राकडे असते आणि वाळूच्या दांड्यावर ती लाटांशीं भिडली म्हणजे हलकी होडी सहज उलटते. मग कितीही जोरानें वल्हविलें तरी मागें फिरणें कठीण. तरंगण्याचें जाकीट अंगांत असलें, तरी हा मोह टाळावाच.

विद्यार्थिमित्रांनो, खाडीकांठीं राहणाऱ्यांनीं खुणा केलेली एक काठी धक्क्याजवळ रोवावी व पंधरवडाभर पूर्ण भरतीची वेळ टिपून ठेवावी. पन्नास मिनिटांचा नियम मग पुस्तकांतून पाठ करावा लागणार नाहीं. आणि पुढें होडींत पाय ठेवाल, तेव्हां केव्हां निघावें व केव्हां परतावें, हें तुम्हांस आधींच ठाऊक असेल.