‘पोस्ट’ या इंग्रजी शब्दाविषयी

गेल्या सहामाही परीक्षेत आठवीच्या एका विद्यार्थ्याने एका इंग्रजी वाक्याचे भाषांतर ‘पहारेकरी खांबापाशी मेला’ असे केले. पहारेकऱ्याने मरण पत्करले, पण नेमून दिलेली जागा सोडली नाही, असा मूळ वाक्याचा भाव होता. ‘पोस्ट’ म्हणजे खांब हे मुलाने पाठ केले होते, व पाठ केलेले त्याने इमानाने उतरविले. त्याचे गुण कापताना आमचा हात अडखळला. कारण दिसण्यात एक असले तरी हे निरनिराळ्या कुळांतील शब्द आहेत, हे आम्ही वर्गात कधी सांगितलेच नव्हते.

खांबाचे कूळ सोपे आहे. लॅटिन भाषेत ‘पोस्टिस’ म्हणजे दाराची बाही. वल्हांडणाच्या रात्री इस्राएल लोकांनी ज्या बाह्यांना कोकराचे रक्त लाविले, त्यांस इंग्रजी पवित्र शास्त्रात हाच शब्द आहे. पुढे जाहीर सूचना खांबांवर डकवू लागले, तेव्हा डकविण्याच्या क्रियेसही तो लागला. ‘पोस्टर’ त्यातूनच निघाले. मोबाईलवर मजकूर ‘पोस्ट’ करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आपण खांबावर कागद चिकटवीत आहो याची कल्पना नसावी!

दुसरे कूळ जागेचे, आणि गोंधळ होतो तो येथेच. लॅटिनमधील ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. त्याच्या ‘ठेवलेले’ अशा अर्थाच्या रूपापासून ‘पोझिशन’ आला, आणि इटालियन व फ्रेंच भाषांच्या वाटेने ‘पोस्ट’ही आला. सैनिकाला जेथे उभे केले ती त्याची पोस्ट. त्यावरून कोणतीही नेमणुकीची जागा ती पोस्ट. पहाऱ्याच्या चौक्यांची रात्रीची शेवटची तपासणी झाली हे कळविणारी ब्रिटिश सैन्यातील बिगुलाची धून ती ‘लास्ट पोस्ट’. सैनिकाच्या अंत्यविधीत ती वाजविली जाते. शेवटच्या टपालाशी तिचा काही संबंध नाही.

मग टपाल या कुळात शिरले कसे? राजाची पत्रे घेऊन दौडणाऱ्या स्वारांसाठी वाटेत ठराविक अंतरावर ताजे घोडे ठेवलेले असत. त्या ठाण्याचे नाव स्वाराला मिळाले, स्वाराचे त्याच्या थैलीला, आणि थैलीचे सबंध खात्याला. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात ईयोब आपल्या सरत्या दिवसांची तुलना ‘पोस्ट’शी करितो, तेथे खांब समजल्यास सगळाच विचका होईल. तेथे जासूद समजावा. आपल्या पत्त्यांवरील ‘मु. पो.’ मधला ‘पो.’ याच घोड्यांच्या ठाण्यावरून आलेला आहे. व्यापारी पालकांच्या परिचयाचा आणखी एक अर्थ म्हणजे रोजकीर्दीतील रकमा खतावणीत चढविणे.

‘नंतर’ या अर्थाचे लॅटिन अव्यय ‘पोस्ट’ अगदी वेगळे. ‘पी. एम.’ मधला ‘पी’ तोच, व पत्राखाली आपण ‘ता. क.’ लिहितो तेथे इंग्रज ‘पी. एस.’ लिहितो, त्यातलाही तोच.

अर्थ ओळखावयाचा तो शेजारच्या शब्दांवरून. काही वर्षांपूर्वी एक बाई धाकट्या मुलास घेऊन आमच्याकडे आल्या. मुंबईस गेलेल्या थोरल्याने भावाला सराव व्हावा म्हणून इंग्रजीत कार्ड लिहिले होते. ‘दादाला टपाल मिळाले,’ असे धाकट्याने आईला वाचून दाखविले. कोणाचे टपाल, कसले, काहीच उमगेना. दोन दिवस बाईंच्या जिवाला घोर लागला होता. आम्ही कार्ड पाहिले. पुढच्याच ओळीत पगाराचा आकडा होता, पण ती ओळ धाकट्याला अडली म्हणून त्याने सोडून दिली होती. तीन महिने वणवण केल्यावर मुलाला नोकरी लागली होती.

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी कार्ड मागून घेतले, पदराआड धरले, आणि धाकट्याला म्हणाल्या, “पळ, शेतावर जाऊन बाबांना सांग.”