तळ्यात-मळ्यात पोर्तुगाल

१९१४ साली महायुद्ध पेटलं तेव्हा पोर्तुगालने ना युद्ध पुकारलं, ना तटस्थता जाहीर केली. जर्मन व्यापारी जहाजं मात्र लिस्बनपासून थेट गोव्याच्या मुरगाव बंदरापर्यंत आसऱ्याला येऊन नांगर टाकून पडली होती. ब्रिटनला जहाजांची चणचण होती. त्याच्या सांगण्यावरून २३ फेब्रुवारी १९१६ रोजी पोर्तुगालने लिस्बनमधली जहाजं ताब्यात घेतली; ९ मार्चला जर्मनीने युद्ध पुकारलं.

जहाजं हे निमित्त. पोर्तुगालला खरी धास्ती आपल्या अंगोला-मोझांबिक या वसाहतींची. या वसाहतींच्या वाटणीची बोलणी ब्रिटन-जर्मनीने १८९८मध्येच गुपचूप उरकली होती. म्हणजे जुना दोस्त ब्रिटनही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता! शिवाय १९१०चं कोवळं प्रजासत्ताक. त्याला तहाच्या बैठकीत मानाची जागा हवी होती.