जुना टेम्पो ओढत नाही? इंजिन उतरवण्याआधी हे तपासा

भिवंडी तालुक्यातील वळ, दापोडे, पूर्णा, काल्हेर या भागात गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवता येतो, या सोयीने हा धंदा वाढला. १ जुलै २०१७ रोजी जकात बंद झाली, तरी गोदामे राहिली. तेथून माल वाहणाऱ्या आपल्या अनेक बांधवांची सारी पुंजी म्हणजे हप्ते फिटलेली एक जुनी गाडी. कोणाची टाटा ४०७, कोणाचा छोटा हत्ती.

अशी गाडी आवाज करू लागली, चढावर दम तोडू लागली, की पहिला सल्ला मिळतो तो ‘इंजिन काम’ काढण्याचा. त्यात मोठी रक्कम जाते, गाडी उभी राहते आणि रोजी बुडते. आमचे म्हणणे इतकेच की, स्वस्त कारणे आधी तपासावीत आणि इंजिन सर्वांत शेवटी उतरवावे.

प्रथम आवाज कशाबरोबर बदलतो ते पाहावे. गाडी उभी असताना रेस दिल्यावर आवाज वाढत असेल, तर दोष इंजिनात किंवा त्याला जोडलेल्या भागांत असतो. सकाळी सुरू करताच किंचाळल्यासारखा आवाज आला, तर बहुधा पट्टा ढिला किंवा झिजलेला असतो. वरच्या बाजूने बारीक टिकटिक येत असल्यास टॅपेट सेट करून घ्यावेत. क्लच दाबल्यावर घरघर सुरू होत असेल, तर क्लचचे बेरिंग पाहावे. गाडी उचलताना खालून ‘खट्’ असा आवाज येत असल्यास शाफ्टचा क्रॉस तपासावा. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर चाकाच्या बेरिंगची असते. मात्र भार पडताच आतून जड ठोके येऊ लागले किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर इंजिन तेथेच बंद करावे. पुढे रेटल्यास क्रँकही जातो.

आता पिकअपकडे वळू. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आपल्याकडे रस्त्याची धूळ आणि यंत्रमागाच्या गल्लीतील रुई यांमुळे एअर फिल्टर लवकर बसतो. म्हणून प्रथम तो पाहावा. टर्बो असल्यास त्याचा हवेचा पाइप फाटला आहे का ते बघावे आणि नंतर नोझल. धूर नाही आणि जोरही नाही, तेव्हा डिझेल फिल्टर तुंबला आहे का, लाइनमध्ये हवा शिरते का, हे पाहावे. रेस चढते पण गाडी पळत नाही, तर क्लच प्लेट घसरते. एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापत असेल, तर ब्रेक धरून राहतो. तापलेल्या ड्रमला हात मात्र लावू नये. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी घटू लागले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. तेव्हाही कॉम्प्रेशन मोजून घ्यावे आणि मगच कामाला होकार द्यावा.

मिस्त्रीकडे जाताना ‘गाडी बिघडली’ एवढेच सांगू नये. आवाज केव्हा येतो, गाडी भरलेली असते की रिकामी, धुराचा रंग कोणता, हे सांगावे. हे सर्वांत आधी ड्रायव्हरला कळते, म्हणून त्याला रागावून गप्प करू नये. एका वेळी एकच भाग बदलावा, जुना भाग मागून घ्यावा आणि तारीख वहीत लिहावी.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. इंजिनात जाड ऑइल ओतून ठोके दाबायचे आणि गाडी विकून टाकायची, हा प्रकार बाजारात चालतो. वरून कोरडे आणि आत भिजलेले धान्य विकणाऱ्याला आपल्या प्रेषितांनी (स.) बाजारातच टोकले होते, हे आपण सारे जाणतो. जाड ऑइल म्हणजे तेच भिजलेले धान्य. दोष सांगून विकल्यास किंमत थोडी कमी येईल, पण घेणारा बांधवही त्याच गाडीवर आपले घर चालवणार आहे.